मिल्काबाईंचा रिकामा ताबा

लिहून देणार श्रीमती मिल्का दानिएल वाकरूळकर, वय वर्षे शहात्तर, धंदा पेन्शन, धर्म छापील रकान्यांत आढळून न आल्याने 'इतर', राहणार दौंड, यांजकडून लिहून घेणार श्री. मारुतराव शेलार, धंदा पेन्शन, राहणार सदर मिळकतीस लागून पूर्वेस, यांस लिहून देण्यात येते की, दोन खोल्या, मोरी व पुढील ओटा अशी मिळकत लिहून देणार यांनी राजीखुशीने व पूर्ण शुद्धीवर असताना कायमची दिली असून, सदर मिळकतीत लिहून देणार यांच्याखेरीज अन्य कोणाही इसमाचा वावर, वहिवाट अगर बसणे-उठणे नाही. सबब रिकामा व निर्वेध ताबा देण्यात येत आहे.

हा कच्चा मसुदा वाचून मिल्काबाईंनी वकिलाला विचारलं, यातलं 'बसणे-उठणे' काढता येईल का. कोण बसतं-उठतं, असं वकिलानं विचारलं. त्या म्हणाल्या, घरचीच माणसं, वर्षातून दोन-तीन दिवस. वकिलाला वाटलं, पुण्याचे नातेवाईक असतील. पाहुण्याचा कायद्यानं काही हक्क लागत नाही, असं त्यानं समजावलं. तरीही माणसं आत ठेवून रिकामा ताबा कसा द्यायचा, ते खोटं होईल, असं मिल्काबाईंचं म्हणणं पडलं. सही दसऱ्यानंतर करते, तोवर मी त्यांना घालवते, असं सांगून त्या उठल्या. वकिलानं मसुद्यावर पेन्सिलीनं 'दसऱ्यानंतर' लिहिलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

दौंडात मिल्काबाईंना पुष्कळ लोक ओळखत, पण आवाजानं. सारी नोकरी रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजवर झालेली. रेशनकार्डावर त्यांचं नाव मिल्खा होतं, दवाखान्याच्या केसपेपरवर मलिका, आणि गॅसवाल्याकडं नुसतंच मिल्क. त्या सगळ्या नावांना ओ देत. ऑपरेटरला नावाशी काय करायचंय, लाइन लागल्याशी मतलब. लाइनीबद्दल मात्र त्या एक गोष्ट नेहमी सांगत. पलीकडं कोणी नसेल तर रिसीव्हरमधली शांतता पोकळ लागते. पलीकडं कोणी असून गप्प बसलेलं असेल तर भरलेली लागते. दोन्हींत बोलणं नसतंच, पण चूक होत नाही.

त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून घाटावर आलेल्या मराठी ज्यूंपैकी. वाकरूळ हे पेणकडचं गाव. तिथं यांचे पूर्वज तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पुढं सासऱ्यांचे आजोबा पलटणीबरोबर घोडनदीला, म्हणजे शिरूरला आले आणि तिथंच राहिले. नवऱ्याला, दानिएलला, दौंडला मालधक्क्यावर क्लार्कची नोकरी लागली आणि घर इकडं आलं. गल्लीला यांच्या धर्माची माहिती होती ती एवढी: शुक्रवारी दिवस मावळायच्या आत काचेच्या पेल्यात पाणी आणि वर तेल घालून वात लावायची. मटणाबरोबर दही नाही. दाराच्या उजव्या चौकटीवर तिरकी बसवलेली बोटाएवढी पितळी नळी, तिला मेझूझा म्हणायचं, आणि जाता-येता तिला बोटं लावून बोटांचा मुका घ्यायचा. शेजारच्या मारुतरावांच्या पत्नी भामाबाई तिला 'दाराचा ताईत' म्हणत. परदेशी जायचं नक्की झालं तेव्हा मिल्काबाईंनी एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा केला, म्हणजे गूळ-खोबरं घातलेले पोहे आणि वर फळं. तो वाटताना भामाबाईंनी थोरल्या सुनेला सांगितलं, घे, त्यांच्या नबीबाबाचा परसाद हाय, लई कडक देव हाय.

पुण्याच्या सिनेगॉगला ही मंडळी जुन्या सवयीनं मशीद म्हणतात. एकदा मिल्काबाई 'मशिदीत चालले' असं सांगून पुण्याच्या डेमू गाडीत बसल्या आणि गल्लीत त्यांनी धर्म बदलल्याची बातमी उठली. कोणत्या धर्मातून कोणत्या धर्मात, यावर मात्र शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

दानिएल गेल्यापासून त्यांनी मोठ्या उपासाला पुण्याला जाणंही बंद केलं होतं. घरी पाहुणे असताना यजमानानं बाहेर जाणं बरं दिसत नाही, असं त्या म्हणत.

हा मोठा उपास म्हणजे दरफाळणीचा सण. दर म्हणजे दार, आणि ते फाळायचं म्हणजे लावून घ्यायचं. बाहेरच्या जगात याला योम किप्पूर म्हणतात. यांच्या घरात चालत आलेली समजूत अशी की, आदल्या दिवशी घरचे मेलेले येतात. त्यांच्यासाठी घर सारवून-पुसून, अंघोळी करून, पांढरं नेसून, चटया अंथरून दार उघडं ठेवायचं. दिवस मावळला की दार लावायचं. दुसरा अख्खा दिवस अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्याशी बोलणं नाही. तिसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, सकाळी दार उघडायचं, एका बाजूला उभं राहायचं आणि पाहुण्यांना वाट द्यायची. ते निघताना कोणत्याही मराठी घरात म्हणतात तेच म्हणायचं: या. मग घर पोकळ होतं. हा शब्द मिल्काबाईंचाच.

भिंत सामाईक असल्यामुळं भामाबाईंना त्या दिवशी पलीकडून कधीकधी पुटपुटणं ऐकू येई, एकाहून जास्त आवाजांचं. मारुतराव म्हणत, मावशी उपासाला रेडिओ लावत्यात. मिल्काबाईंकडं रेडिओ नव्हता हे दोघांनाही माहीत होतं. पण मारुतरावांनी जन्मभर गँगमध्ये रुळांवर काम केलं होतं, आणि रुळांवर काम करणारा माणूस काय ऐकलं हे सगळंच सांगत बसत नाही.

घालवण्याचा प्रश्न का आला, ते समजायला शिरूरची हकिगत पाहिजे. मिल्काबाई नव्या सून होत्या. सासरे समसोन गेले होते. सासू रिबकाबाई शिरूरचं घर बन्सी नावाच्या मार्केट यार्डातल्या हमालाला भाड्यानं देऊन मुलाकडं दौंडला राहायला आल्या. त्या वर्षीच्या दरफाळणीनंतर बन्सी एसटीनं दौंडला आला आणि दारातच उभा राहिला. त्याची तक्रार अशी होती की संध्याकाळी ओट्यावर माणसं येऊन बसली. कोण, काय, विचारलं तर बोलत नव्हती. त्यानं भिऊन दार लावून घेतलं, तर ती आत बसलेली.

"तुमची हायेत का बघा," तो म्हणाला. "माझी न्हाईत."

रिबकाबाईंनी एवढंच विचारलं, की पांढऱ्यात होती का. तो व्हय म्हणाला. मग त्यांनी त्याला जेवू घातलं आणि म्हणाल्या, चूक माझी. घर सोडताना त्या घराला 'या' म्हणून आले. घर कायमचं सोडायचं तर 'जा' म्हणावं लागतं.

पुढच्या वर्षी आदल्या दिवशी सकाळीच सासू-सून शिरूरला गेल्या. रिबकाबाईंनी बन्सीच्या दारात उभं राहून, गाडी चुकेल अशा आवाजात, "घर बदललंय, चला" असं सांगितलं आणि मागं न बघता एसटी स्टँडकडं चालू लागल्या. गाडीत त्यांनी आपल्या दोघींखेरीज आणखी तीन तिकिटं काढली. बाकीचे कुठायत, असं कंडक्टरनं विचारलं. बसलेत, असं रिबकाबाईंनी सांगितलं. कंडक्टरनं रिकाम्या सीटकडं पाहिलं, पाठीमागच्या फटीतून वारा यावा तशी मान आखडली, आणि तिकिटं फाडून दिली. न्हावऱ्यापर्यंत गाडीत जागा होती. वरवंडला बाजार फुटला होता, गाडी ठासून भरली, माणसं दांड्याला लोंबकळली. त्या तीन जागांवर कोणी बसलं नाही. एक म्हातारा काठी टेकत आला, "सरका की जरा" म्हणाला, थांबला, आणि "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या" म्हणत दौंडपर्यंत उभा राहिला. वरवंडला एसटीत बसायला जागा असून न बसण्याची ही एकमेव नोंद असावी.

तेव्हापासून मंडळी दौंडला येऊ लागली. काळाच्या ओघात रिबकाबाई त्यांच्यात गेल्या आणि अकरा वर्षांपूर्वी दानिएलही.

मुलगा एली इस्रायलमध्ये अश्दोदला असतो. आईला घेऊन जायचं त्याचं कैक वर्षं चाललं होतं. गुडघे गेल्यावर मिल्काबाई हो म्हणाल्या. घर मारुतरावांनी घ्यायचं ठरलं, भिंत पाडली की त्यांच्या धाकट्या मुलाच्या, सुमितच्या लग्नाची सोय होत होती. मिल्काबाईंनी एलीला व्हिडिओ कॉलवर विचारलं, की बाकीच्यांना तिकडं आणता येईल का. एली म्हणाला, आई, तुझी कागदपत्रं झाली हेच पुष्कळ झालं. तिथल्या कायद्यात एका ज्यू आजोबाच्या जोरावर नातवाला देशात परत येण्याचा हक्क आहे. खुद्द आजोबांची सोय केलेली नाही.

म्हणजे या वर्षी 'जा' म्हणणं भाग होतं. नाहीतर पुढच्या वर्षी मंडळी येणार, आणि दारात सुमितची नवी नवरी. मिल्काबाईंना भीती नवरीची नव्हती. आपली माणसं दुसऱ्याच्या घरात, कोणी ओळखीचं नाही, कोणी 'या' म्हणणारं नाही, अशी चटईवाचून बसून राहतील, ही भीती होती.

मराठी माणसाला दारात 'जा' म्हणता येत नाही. निघणारा 'येतो' म्हणतो, घरातला 'या' म्हणतो, आणि जाणं हे दोघांच्या मध्ये आपोआप होतं. मिल्काबाईंनी आठवडाभर सराव केला. मांजराला जा म्हटलं. जुने पेपर मागायला आलेल्याला म्हटलं, तो दुखावला. सासूला 'जा' म्हणण्याची संधी कोणत्याही सुनेनं सहसा सोडू नये, पण ते तोंडातच अडकत होतं. दानिएलचं नाव तर त्या सरावातही घेत नव्हत्या.

त्या वर्षी दोन्ही पंचांगं एकमेकांवर आली. दरफाळणी आणि दसरा एकाच दिवशी. आदल्या संध्याकाळी मिल्काबाईंनी चटया अंथरल्या, मेझूझा चौकटीवरून काढून सामानात बांधला, कारण परक्याला घर देताना तो काढून घ्यायचा असतो, आणि भामाबाईंना सांगितलं, की उद्या दिवसभर मी दार उघडणार नाही, हाक मारू नकोस. मग दार लागलं. दुसऱ्या दिवशी गल्लीत झेंडूची तोरणं लागली, ट्रॅक्टर-मोटरसायकलींना हार पडले, संध्याकाळी माणसं आपट्याची पानं घेऊन दारोदार फिरली. त्या एका दारापाशी येऊन सगळी पाय न वाजवता पुढं जात होती. तसं कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. मारुतराव सोनं वाटायला बाहेर पडले तेव्हा त्यांना वाटलं, मावशींच्या खिडकीत कोणीतरी पांढऱ्यात उभं आहे, आणि मावशी इतक्या उंच नाहीत.

शिळ्या सणाची सकाळ झाली. मिल्काबाईंनी दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या. त्या चौकटीला पाठ लावून, वाट मोकळी ठेवून, डोळे मिटून उभ्या राहिल्या. शेमा ही रोजची प्रार्थना म्हटली. मग सासऱ्यांना म्हणाल्या, "बाबा, जा." मग सासूचं झालं. मोठ्या आजोबांचं, आजींचं झालं. दाराचा पडदा प्रत्येक वेळी थोडा बाहेर फुगत होता, वारा नव्हता. शेवटी बराच वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, "दानी, आता जा बरं."

पडदा बाहेरच्या बाजूला गेला आणि उंबऱ्यावर तसाच राहिला.

हे भामाबाईंनी पाहिलं, कारण त्या त्याच वेळी ओट्यावर चढत होत्या. काल मावशींचं दार बंद होतं म्हणून सोनं द्यायचं राहिलं होतं. मूठभर आपट्याची पानं घेऊन, डोक्यावर पदर सारखा करून त्यांनी उंबऱ्याच्या आत हात पुढं केला आणि दसऱ्याला जे म्हणायचं तेच म्हणाल्या.

"सोनं घ्या मावशी. घ्या, आन् सोन्यावानी ऱ्हावा."

भामाबाई मिल्काबाईंहून लहान. वडीलधारीला 'ऱ्हावा' म्हणायचं हे त्यांच्यावर झालेले संस्कार. आदरार्थी बहुवचन आणि खरंखुरं बहुवचन यांत मराठीनं काही फरक ठेवलेला नाही, आणि आजवर त्यावाचून कोणाचं अडलं नव्हतं. पण त्या उंबऱ्यावर त्या वेळी बहुवचन उभं होतं.

मिल्काबाईंनी डोळे उघडले. त्यांचे दोन्ही हात मागं चौकटीला धरलेले होते. भामाबाईंचा हात पुढं होता आणि रिकामा होता. दोघींनी खाली पाहिलं. उंबऱ्यावर, ओट्यावर, चटईवर, कुठंही पान नव्हतं. पडदा आत आला आणि भिंतीला चिकटून बसला.

"भामा, तू कुणाला राहा म्हणालीस?"

"तुम्हाला."

"मी एकटी होते?"

भामाबाईंनी आत वाकून पाहिलं. काय दिसलं ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही आणि नंतरही नाही. मात्र त्या चपला काढून, भरल्या घरात जावं तशा, कडेकडेनं आत गेल्या आणि जमिनीवर टेकल्या.

मिल्काबाईंनी पुन्हा प्रयत्न केला. सोनं घेऊन 'राहा' म्हटलेल्या माणसाला पाठोपाठ 'जा' म्हणायचं हे वाईट दिसतं, पण म्हटलं. पडदा हलला नाही. त्या घरभर फिरल्या, मोरीपर्यंत जाऊन आल्या, मध्येच थांबून मान कलती करत, जशा पूर्वी हेडफोन लावून थांबत. मग म्हणाल्या, भरलेलंच आहे.

भामाबाई धीराच्या. त्या म्हणाल्या, "आमच्यातबी म्हाळाला येत्यात की. त्यात काय."

"तुमचे जातात," मिल्काबाई म्हणाल्या.

मग भामाबाईंनी विचारलं, की यांना जेवायला काय लागतं. मिल्काबाई म्हणाल्या, काही नाही, ते उपासाचेच आलेले असतात. हे ऐकून भामाबाईंच्या जिवाचा मोठा भार उतरला. म्हाळाच्या वड्या-खिरीपुढं हे काहीच नव्हतं. शुक्रवारी तेलाचा पेला लावायचा, अंधारात ठेवायचं नाही, दरफाळणीला दार लावून घ्यायचं आणि दिवसभर बोलायचं नाही, एवढंच. शेवटचं जमंल का न्हाई सांगता येत नाही, असं भामाबाई खरं ते बोलल्या. मारुतरावांना घरात बसून हे ऐकू गेलं असावं, कारण ते पलीकडून म्हणाले, तेवढं जमलं तर सगळेच ऱ्हाऊ द्या.

मिल्काबाईंनी त्यांच्याकडून पेचकस मागून घेतला. सामानाची गाठ सोडून मेझूझा काढला आणि चौकटीवर जुन्याच भोकांत तिरका बसवून स्क्रू पिळले. भामाबाई म्हणाल्या, मावशी, तो तुमच्यासंगं न्यायचा व्हता ना. मिल्काबाई म्हणाल्या, माणसं राहतात त्या दाराला हा लागतो. मग त्यांनी बोटं लावून बोटांचा मुका घेतला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पाणी प्यायल्या.

दसऱ्यानंतर सही झाली. वकिलानं गमतीनं विचारलं, घालवलं का पाहुण्यांना. काय लिहायचं ते लिहा, असं म्हणून मिल्काबाईंनी सगळ्या पानांवर, जिथं जिथं बोट दाखवलं तिथं, सही केली. दिवाळीनंतर एली येऊन त्यांना घेऊन गेला. गाडीत बसताना त्यांनी घराकडं पाहून 'या' म्हटलं नाही आणि 'जा' म्हटलं नाही. येते, म्हणाल्या, आणि काच वर केली.

मधली भिंत पाडायचं काम मारुतरावांनी लांबवलं. गवंडी आला होता, भिंतीला हात लावून उभा राहिला आणि पलीकडं कोन ऱ्हातं, एवढं विचारून दुसऱ्या कामाला निघून गेला. सुमितनं लग्नाआधी चाकणला फ्लॅट बघितला. मग खोल्या भाड्यानं द्यायचं ठरलं. शिरूरहून बदली होऊन आलेली बँकेतली करिश्मा नावाची मुलगी दुपारी जागा बघायला आली. भामाबाई बाजारात गेल्या होत्या. मारुतराव किल्ली शोधून ओट्यावर आले तेव्हा ती स्कूटी वळवत होती.

"राहू दे मामा," ती म्हणाली. "मी दार वाजवून विचारलं. आम्हीच राहतो म्हणाले."

दाराला बाहेरून कुलूप होतं.